देवमाशासाठी वेगवेगळ्या वाटा

देवमासा वाचवायचा कसा, या प्रश्नावर एकाच नावेतली माणसे वेगळी झाली. तो इतिहास आज सांगतो.

१९७० साली रॉजर पेन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने हंपबॅक देवमाशांच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका काढली. ज्याच्याकडे तेल आणि मांस म्हणून पाहिले जाई, तो जीव गातो हे लोकांना ऐकू आले. १९७५ च्या जूनमध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रात रबरी होड्या घेऊन सोव्हिएत शिकारी जहाजाच्या आडवे गेले. हार्पून त्यांच्या डोक्यावरून गेला. देवमासा मेला, पण ते चित्रीकरण पुष्कळांनी पाहिले.

त्या मोहिमेत पॉल वॉटसनही होते. कृती किती आक्रमक असावी यावरून १९७७ मध्ये त्यांची आणि ग्रीनपीसची फारकत झाली. १९७९ मध्ये त्यांनी पोर्तुगालजवळ ‘सिएरा’ या शिकारी जहाजाला आपले जहाज धडकवले. ‘सिएरा’ कुठलेच आंतरराष्ट्रीय नियम जुमानत नव्हते. त्याला ठराव दाखवून काय उपयोग होता?

तरीही टकरीने एक जहाज थांबते, ताफे थांबवायला सरकारांचे हात वर व्हावे लागतात. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगात १९८२ मध्ये ते झाले. व्यापारी शिकारीवरील बंदी १९८५-८६ पासून लागू झाली. सरकारांवरच्या रेट्यात त्या गाण्याचा आणि त्या चित्रीकरणाचा वाटा मोठा होता, असे मी मानतो.

ठरावही पुरा पडत नाही. २०१९ मध्ये जपान आयोगातून बाहेर पडला आणि स्वतःच्या समुद्रात त्याने व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. तिथे लोकांची मनेच वळवावी लागतील.