लहुजींची तालीम आणि शाळेची वाट

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात पुण्यातील एका शाळकरी मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुलीचे नाव मुक्ता साळवे, वय चौदा, शाळा फुले दांपत्याची. मांग-महारांच्या दुःखांविषयी लिहिताना तिने पेशवाईतली एक आठवण नोंदवली आहे. मांग वा महार तालीमखान्यापुढून गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या मस्तकाचा चेंडू अन् तलवारीचा दांडू होत असे.

तालीम म्हणजे स्वतःचे रक्षण करायला शिकण्याची जागा. ज्यांना त्या विद्येची निकड सर्वांत अधिक, त्यांना तिच्यासमोरून चालण्याचीही मुभा नव्हती.

हे ध्यानात घेतले, की मांग समाजातील लहुजी राघोजी साळवे यांनी त्याच पुण्यात स्वतःची तालीम उभारली, या घटनेचे वजन कळते. वडील राघोजी १८१७ च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्याच बाजूने लढताना पडले, असे परंपरा सांगते. मुक्ता ही लहुजींच्या नात्यातली, असेही मानले जाते.

या तालमीत दांडपट्टा शिकवला जाई. पट्टा चालवणाऱ्याचा हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत अडकलेला असतो. मनगट वळत नाही. वार खांद्यातून आणि पायांच्या फिरकीतून निघतो. पट्टेकरी अनेकांच्या वेढ्यात एकटा लढतो, त्यामुळे पाठीमागे कोण सरकले याचे भान सुटले की संपलेच. दुसऱ्याच्या तळहातावरचे लिंबू कातडीला न लागता कापणे ही त्यातली प्रसिद्ध कसोटी. तिथे ताकदीपेक्षा संयमाची परीक्षा अधिक.

विशीच्या सुमारास जोतीराव फुले येथे दाखल झाले. १८४७ च्या त्याच काळात ते थॉमस पेनचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ वाचत होते. पुढच्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथवरच्या वाटेवर सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल नि शेण फेकले गेले, तरी त्या चालत राहिल्या. मांग-महार वस्त्यांतील मुले शाळेकडे वळवण्यात लहुजींचा हातभार होता. ज्याच्यापाशी पोरे दांडपट्टा शिकली, त्या वस्तादाने शाळेची हमी घेतली तर आईबापांना धीर येणारच.

या शिक्षणाचा खरा कस मात्र पट्ट्याविना लागला. चरित्रकार सांगतात, की १८५६ मध्ये रोडे आणि धोंडिराम नामदेव कुंभार हे दोघे जोतीरावांना ठार मारण्यासाठी रात्री घरात शिरले. जोतीराव जागे झाले. लहुजींच्या त्या शिष्याने शस्त्र उचलले नाही. तुम्ही का आलात, असे शांतपणे विचारले. पुढे रोडे त्यांचा अंगरक्षक झाला, तर धोंडिराम शिकून सत्यशोधक समाजाचा खंदा कार्यकर्ता.