‘कॉल’: चिमूरकडचा अर्थ

चिमूर तालुक्यात ‘कॉल’ हा शब्द दोन कामांना जुंपलेला आहे. एक फोनचा, तो सगळ्या महाराष्ट्राचा. दुसरा कोलारा गेटमधून ताडोबात शिरणाऱ्या जिप्सीतला: वाघाची चाहूल लागताच चितळ, सांबर, वानर किंवा भेकर देते तो इशारा. गाभा क्षेत्रातल्या सफारीत मोबाइलला बंदी असल्याने तिथे गोंधळाला वावही उरत नाही. तरीही दोन्ही अर्थ क्रियापदावरून ओळखता येतात. फोनचा कॉल ‘करतात’ किंवा ‘लावतात’, जंगलातला ‘देतात’. ‘सांबर कॉल देऊन राह्यलं’ हे इकडच्या बोलीत चपखल बसते; ‘सांबराने कॉल केला’ म्हटले तर गाईड हसेल.

मग ‘ओरडणे’ असताना हा शब्द कशाला? सवयीने किंवा मिरवायला, हे उत्तर मला अपुरे वाटते. माजावर आलेला चितळाचा नरही उन्हाळ्यात मोठ्याने ओरडतो. ते ओरडणेच राहते, त्याला गाईड कॉल म्हणत नाही. वानराच्या हुपहुपीचेही तसेच. शिकारी प्राणी दिसल्यावर ते खाकरल्यासारखा खरखरीत आवाज काढते, तेवढाच कॉल. इंग्रजी प्राणिशास्त्रात मात्र माजाची साद, पिल्लाला घातलेली हाक आणि धोक्याचा इशारा हे सगळे ‘कॉल’च असतात, धोक्याचा असेल तर त्याआधी ‘अलार्म’ जोडावा लागतो. गाईडांनी ‘अलार्म’ गाळला, पण त्याचा अर्थ ‘कॉल’मध्ये ठेवून घेतला. त्यामुळे ‘ओरडणे’ आवाज सांगते, तर ‘कॉल’ त्या आवाजावरून काढलेला निष्कर्ष सांगतो. उसना शब्द मूळ भाषेतल्यापेक्षा नेमका झाला आहे.

निष्कर्ष म्हटला की तो चुकूही शकतो. चितळ बुजरे, पाचोळा वाजला तरी त्याचा कॉल निघतो. सांबर सहसा खात्री पटल्याशिवाय ओरडत नाही, म्हणून त्याच्या खोल ‘ढाँक’ला अधिक वजन. उंच झाडावरच्या वानराला खालचे दिसते, हा त्याचा फायदा. ते ज्या दिशेला टक लावून बघत असते, तिकडे जिप्सी वळते.

‘साइटिंग’च्या अर्थाचे आकुंचनही ‘कॉल’च्याच वळणाने गेले. नुसते ‘साइटिंग झाली’ म्हणजे वाघ दिसला. अस्वल किंवा बिबट्या दिसला असेल तर तसे नाव घेऊन सांगावे लागते. गव्याच्या वाट्याला तर हा शब्द क्वचितच येतो.