इसब ‘आत’ जातं, म्हणजे नेमकं काय होतं?

लेकराचं इसब मलम लावून दाबलं की ते आत जातं आणि दमा होऊन बाहेर पडतं. आपल्या भागात हे ऐकलं नाही असं घर सापडणार नाही. या भीतीने मलम अर्धवट सुटतं आणि पोर रात्रभर अंग ओरबाडत बसतं.

यातलं निरीक्षण खरं आहे बरं का! आधी तान्हेपणी इसब, मग अंडं किंवा शेंगदाणा न सोसणं, मग शिंका आणि दमा, अशी रांग बऱ्याच मुलांत दिसते (सगळ्यांत नाही). चूक आहे ती कारणात. पण ते कारण शोधताना डॉक्टरांनीही शंभर वर्षं घालवली.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने १९०६ साली काढला. १९२१ मध्ये जर्मनीत प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनी एक धाडस केलं. क्युस्टनरला मासे सोसत नसत. त्याच्या रक्तातला द्रव प्राउस्निट्झने स्वतःच्या कातडीत टोचून घेतला, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला, आणि गांध उठली! म्हणजे दोष रक्तात फिरतो. दोनच वर्षांनी अमेरिकेत कोका आणि कूक यांनी घराण्यात चालणाऱ्या दमा-शिंकांना ‘ॲटोपी’ हे नाव दिलं. पुढे इशिझाका या जपानी नवरा-बायकोने अमेरिकेत आणि दुसऱ्या एका गटाने स्वीडनमध्ये रक्तातला तो घटक शोधला. १९६८ साली त्याचं आयजीई असं नाव ठरलं.

या सगळ्यात कातडी बिचारी आरोपी नव्हतीच. आत बिघाड आहे, तो बाहेर दिसतो, एवढाच तिचा संबंध मानला जाई.

ते उलटलं २००६ साली, स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट ठेवतं. त्याच्या जनुकात दोष असला की इसबाचा धोका बराच वाढतो, आणि इसबासोबत येणाऱ्या दम्याचाही. आता गंमत बघा, हे प्रथिन फुप्फुसाच्या नळ्यांत नसतंच. मग दमा कुठून आला? सारवण उडालेल्या भिंतीतून किडामुंगी शिरावी तशा फुटलेल्या कातडीतून धूळ, अन्नाचे कण आत जातात, आणि शरीर त्यांना शत्रू म्हणून ओळखून ठेवतं. दाबल्यामुळे नाही, उघडं राहिल्यामुळे आत जातं.

लंडनच्या गिडियन लॅक यांनी याचा दुसरा अर्धा भाग तपासला. तोंडावाटे लवकर गेलेलं अन्न शरीर आपलं मानतं, हा त्यांचा अंदाज. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं घेतली, वय ४ ते ११ महिने. निम्म्यांना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ दिले, निम्म्यांना बंद. २०१५ साली निकाल आला. खाणाऱ्यांत पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्के कमी! त्याआधी काही वर्षं अमेरिकेतले डॉक्टर नेमकं उलट, टाळायला सांगत होते. (तरीही इसब असलेल्या बाळाला शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच, आणि अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो.)

सगळं सुटलेलं नाही. निरोगी बाळांना वर्षभर रोज क्रीम चोपडून इसब टळतं का, हे इंग्लंडमध्ये बघितलं. २०२० चा निकाल: नाही टळत. झालेलं इसब मात्र नीट उपचार करून आटोक्यात राहतं. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिलेली ट्यूब म्हणजे उपचार नव्हे, हेही लिहून ठेवतो.

आणि जपानचा किस्सा. तिथे गव्हाचं प्रथिन घातलेला तोंड धुण्याचा एक साबण खूप खपला. तो वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी निघाली. २०११ साली साबण परत मागवावा लागला. आपल्याकडे खाजऱ्या, चिरलेल्या अंगाच्या बाळाला दुधाची साय आणि डाळीचं पीठ चोळून आंघोळ घालतात. बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या आशाताईंच्या कानावर तरी हे कोणी घातलंय का?