आजोळची वाट

वऱ्हाडचा इतिहास म्हटला की इमादशाही, गाविलगडचा किल्ला, १८५३ चा तह आणि कापसाचा बाजार या चार खुणांपाशी आपण थांबतो. खुणा खऱ्याच आहेत. परंतु त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत माणसे राहत होती, लेकी नांदायला जात होत्या, नातवंडे जन्मत होती आणि म्हातारी माणसे शिदोरी बांधून त्यांना पाहायला निघत होती. या येण्याजाण्याचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो लिहिण्यासारखा नाही, असे मात्र वऱ्हाडच्या माणसाने तरी म्हणू नये. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, तो अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुराशी निगडित आहे. आणि म्हाइंभटांनी तो कसा सिद्ध केला, तर ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन, त्यांच्या आठवणी विचारून. कोण कुठे उतरले, काय जेवले, वाटेत कोण भेटले, अशा बारीकसारीक गोष्टीही त्यांनी वगळल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाला विचारून इतिहास लिहावा, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

उतारवय म्हणजे ओसरीवरचा बाजला, हातात जपमाळ आणि पायाशी नातवंडे, असे एक चित्र आपल्या मनात पक्के बसलेले असते. ते पूर्वीच्या काळाला सर्रास लावणे बरोबर नाही. १९११ ते १९२१ या दशकातील हिंदुस्थानचे सरासरी आयुर्मान अभ्यासकांनी शिरगणतीवरून काढले, ते वीस वर्षांच्या आसपास भरते. याचा अर्थ माणसे विशीत म्हातारी होत असा नव्हे. जन्मलेली पुष्कळ मुले पाळण्यातच जात, म्हणून सरासरी खाली येई. जी त्यातून वाचत त्यांतली काही साठी-सत्तरीही गाठत. परंतु आजीही जिवंत आहे आणि नातूही जगला आहे, असा योग आजच्याइतका सहज नव्हता. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने मध्यप्रांत-वऱ्हाडात गावेच्या गावे आजारी पाडली, आणि त्या साथीने विशेषतः तरुण आईबाप नेले. अशा वेळी नातवंड म्हणजे म्हातारपणचा विरंगुळा नसे, ते म्हातारपणी पुन्हा खांद्यावर आलेले ओझे असे. आजोळ या शब्दाला आपल्याकडे जो जिव्हाळा आहे, त्याच्या मुळाशी हीदेखील एक गोष्ट आहे.

याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे गाडगेबाबा. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, आपले वडील हंबीरराव यांच्या घरी आली. नकाशात पाहिले तर शेंडगाव अमरावती जिल्ह्यात आणि दापुरे अकोला जिल्ह्यात. बैलगाडीची ही वाट, पण एका विधवेच्या आयुष्याचे दोन तुकडे तिने जोडले. पुढे महाराष्ट्रभर खराटा घेऊन फिरलेला हा माणूस गुरे राखून आणि मामाच्या शेतात राबून वाढला तो आजोळी. आजोबांनी दार उघडले नसते तर काय झाले असते, हा प्रश्न चरित्रकार फारसा विचारीत नाहीत, कारण आजोबांनी दार उघडणे हे त्या काळी गृहीतच होते. जे गृहीत असते तेच इतिहासातून सर्वांत आधी गळते.

डेबूजींना पहिली मुलगी झाली तेव्हाची गोष्ट चरित्रांतून सांगितली जाते. बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटण घालण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. पंगतीत कुरकुर झाली. पण ज्या घरातला कर्ता दारूने नेला त्या घरातल्या नातीच्या बारशाला दारू वाढली गेली नाही. लोकशिक्षणाचे हे एक पाऊल म्हणून आपण ही गोष्ट वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पंगतीत सखुबाईही असणार, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचा अर्थ आणखी खोल जातो. नवरा गमावलेली ती बाई आता आजी झाली होती.

आता वाटेविषयी. गेल्या शतकाच्याही आधी वऱ्हाडातला प्रवास दमणीचा, रेंगीचा. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरली की लेकीचे सासर पाच कोसांवर असले तरी परदेशच. १८६० नंतर अमेरिकेतील यादवीमुळे विलायतेतल्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वेचे रूळ भुसावळवरून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असे सरकत १८६७ साली नागपूरला पोहोचले. अमरावती मुख्य मार्गावर नाही. तिला बडनेऱ्याहून छोटा फाटा काढून द्यावा लागला. रूळ टाकले ते कापसाच्या गाठींसाठी. त्यांच्या मागोमाग आजीचे गाठोडेही चढले, हा हिशेब कंपनीच्या कोणत्या वहीत नव्हता.

पुढे मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. किलिक निक्सन या विलायती पेढीची ती योजना. दोन्ही फाटे मिळून सुमारे १९० किलोमीटर. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटले. अचलपूरपर्यंतचे सुमारे ७६ किलोमीटर जायला तिला चार तास लागत, आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. दर्यापूर, अंजनगाव, कारंजा, दारव्हा या गावांच्या लेकीबाळी तिने वाहिल्या. शेवटच्या काळात गार्डच उतरून तिकिटे देई. भाडे बसपेक्षा कमी, म्हणून गरीब म्हाताऱ्यांची ती हक्काची गाडी होती. आता तीही बंद पडली आहे. तिच्यासाठी लोक आंदोलने करतात तेव्हा शहरातल्या माणसाला ते भाबडेपण वाटते. पण ज्या बाईला लेकीकडे जायला दुसरी परवडणारी वाट नव्हती, तिच्या दृष्टीने ते भाबडेपण नव्हते.

आगगाडीने घर जोडले तसे ते विखुरलेही. कापसाच्या पैशामागून कोर्टकचेऱ्या आल्या, वकील आले, बदलीचे नोकर आले. मुलगा एका गावी, सून बाळंतपणाला दुसऱ्या गावी, आणि म्हातारी दोहोंच्या मध्ये गाडीत, असे नवे चित्र उभे राहिले. या नव्या वर्गातील एका घराची दैनंदिनी आपल्या सुदैवाने टिकली आहे. ती अमरावतीच्या गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे यांची. जन्म १८५४, नावाजलेले वकील, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, टिळकांचे जिवलग. त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजीत डायरी लिहिली आणि तिच्या वह्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेल्या आहेत. चिरंजीव बाळकृष्ण यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १९६२ साली प्रसिद्ध झाले.

दादासाहेबांचा मोठा प्रवास पन्नाशी उलटल्यावरचा आहे, हे लक्षात ठेवावे. टिळकांच्या अपिलासाठी ते १९०८ साली, चौपन्नाव्या वर्षी, विलायतेला निघाले आणि दोन वर्षांनी, १९१० साली, रंगूनमार्गे परतले. वाटेत मंडालेला टिळकांची भेट घेतली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते शिरडीला गेले. १९१९ साली पुन्हा इंग्लंड. त्यानंतर कौन्सिल ऑफ स्टेटचे सभासद म्हणून दिल्लीच्या खेपा. १ जुलै १९३८ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ते वारले. ज्या वयात माणसाने काठी धरावी असे आपण समजतो, त्या वयात हा गृहस्थ बोटी आणि आगगाड्या बदलीत होता.

या सगळ्या प्रवासांत मला सर्वांत बोलका वाटतो तो १९११-१२ चा शिरडीचा मुक्काम. ६ डिसेंबर १९११ पासून १५ मार्च १९१२ पर्यंतचा दादासाहेबांचा एकेक दिवस डायरीत आहे: पहाटे कधी उठले, आरतीला कोण होते, योगवासिष्ठाचे वाचन कुठवर आले. पत्नी लक्ष्मीबाईही तेथे होत्या. दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त त्यांच्या धाकट्या मुलाच्या तापाची हकीकत आहे. प्लेगच्या धास्तीने त्या माउलीने अमरावतीला परत जाण्याची परवानगी मागितली, असे तेथे म्हटले आहे. आजारपणात घराकडे धाव घ्यावी, ही कोणत्याही आईची रीत. त्याच पोथीत असेही म्हटले आहे की दादासाहेब शिरडीत चार महिने राहिले आणि लक्ष्मीबाई सात.

हे अधिकचे महिने पाहा. नवऱ्याचा मुक्काम तारीखवार उपलब्ध आहे, कारण तो लिहीत होता. तो निघून आल्यावर त्याच्या डायरीची पानेही त्याच्याबरोबर गेली. मागे राहिलेल्या बाईचे दिवस पोथीतल्या एका आकड्यात मावले. त्या काय रांधीत होत्या, घरची आठवण काढीत होत्या की आल्यागेल्याच्या राबत्यातून सुटल्याचे त्यांना बरे वाटत होते, हे सांगणारी वही त्यांच्या हाती नव्हती. १९२८ साली त्या गेल्या. दादासाहेबांना दोष देण्याचे येथे कारण नाही. त्यांनी लिहिले म्हणून एवढे तरी कळते. परंतु वऱ्हाडातल्या कौटुंबिक जीवनाचा सर्वांत भरीव पुरावा पुरुषाच्या हातचा आहे आणि घर चालविले ते बाईने, हे अंतर इतिहासकाराने विसरून चालणार नाही.

बाळंतपणाची खोली हे आजीचे राज्य होते. सुईण, शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अहळिवाची खीर आणि सव्वा महिन्याची शिस्त. या राज्याचे गोडवे गातानाही एक गोष्ट सांगितली पाहिजे: नाळ अस्वच्छ विळ्याने कापली जाई आणि धनुर्वाताने नवजात मुले दगावत. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळावेत म्हणून निधी उभारला. अमरावतीत जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’च म्हणतात आणि अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’. या नावांमागे आजीची सत्ता ओसरल्याची कथा आहे. पण ती हरली असे म्हणता येत नाही. खोलीतून ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात आली. डबा, गरम पाणी, दुपटी आणि रात्रीचे जागरण यांची जबाबदारी तिच्याकडेच राहिली.

आणि जो परगावी रुग्णाजवळ जागरण करतो त्याला पाठ टेकायला जागा लागते. गाडगेबाबांनी हे ओळखले होते. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांचे नातेवाईक उतरतात. बाबा स्वतः १९०५ साली घर सोडून निघाले ते परत संसारात रमले नाहीत, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी वाटेतच त्यांचा शेवट झाला. आजोळाने वाढविलेल्या या नातवाने लोकांच्या आजीआजोबांसाठी वाटेवर छप्परे उभी केली, असे म्हटले तर ते नुसते अलंकारिक होणार नाही.

आज वऱ्हाडची आजी पुण्याला जाते, बंगळुरूला जाते, सहा महिन्यांच्या व्हिसावर अमेरिकेत जाते. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईला विमानही जाऊ लागले. तिच्या पिशवीत मेतकूट, कुरडया आणि बाळगुटीची पुडी असते. म्हणजे काम तेच, वाट तेवढी लांबली. लेक आणि सून नोकरीला जाऊ शकतात त्यात या बाईचा वाटा आहे. तो मिळकतीच्या कोणत्याही तक्त्यात मोजला जात नाही. सहा महिने परक्या गावी शेजाराशिवाय काढल्यावर तिला काय वाटते, हेही आपण क्वचितच विचारतो. तिचे फोटो पुष्कळ निघतात. पण ते नातवंडाचे असतात, ती कडेला असते.

म्हाइंभटांनी विचारले म्हणून सातशे वर्षांपूर्वीचे रिद्धपूर आपल्याला दिसते. लक्ष्मीबाईंना कोणी विचारले नाही. दिवाळीच्या सुटीत घरोघर म्हातारी माणसे आणि नातवंडे एका छपराखाली येतात. फराळ झाल्यावर एखाद्या नातवाने शंभर पानी वही घ्यावी आणि आजीला एवढेच विचारावे, की तू पहिल्यांदा लेकीकडे निघालीस तेव्हा कोणत्या गाडीने गेलीस, बरोबर काय नेलेस, आणि घरी मागे कोण होते. उत्तर लांबेल. लांबू द्यावे, आणि वर तारीख घालावी.