आगाखान पारितोषिक आणि लहान विमानांचा दीर्घ प्रवास

भारतीय विमानोड्डाणाच्या इतिहासात १९३० च्या स्पर्धेचा उल्लेख बहुधा विजेत्याच्या नावापाशी संपतो. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने व एका महिन्याच्या आत पुरा करणाऱ्या पहिल्या भारतीयास आगाखान यांनी १९२९ मध्ये ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले होते. तिघे तरुण स्पर्धेत उतरले : मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. परंतु पहिला कोण, या प्रश्नापेक्षा ही लहान विमाने एवढा पल्ला कशाच्या आधारावर गाठू शकली, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे.

तिघांचीही विमाने जिप्सी मॉथ जातीची होती. लाकडी सांगाडा, पंखांच्या वर-खाली दोन जोड्या, चार सिलिंडरांचे सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन आणि वैमानिकाची उघडी बैठक, असे हे यंत्र. वेग ताशी सुमारे ८५ मैल. एका दमात जेमतेम ३०० मैल जाता येई. बिनतारी संदेशाची सोय नव्हती; होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारा किनारा हेच मार्गदर्शक. साहजिकच तीन-चार तासांनी कोठे तरी उतरून पेट्रोल घेणे प्राप्त होते. लंडन-कराची हवाई टपाल १९२९ मध्ये सुरू झाले होते व वाटेत ब्रिटिश हवाई दलाचे तळ होते. म्हणूनच असा प्रवास खाजगी वैमानिकाच्या आवाक्यात आला. एकट्याचे उड्डाण म्हणून गौरविलेली ही कामगिरी जमिनीवरील साम्राज्याच्या व्यवस्थेवर उभी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

मनमोहन सिंग यांच्या विमानाचे नाव ‘मिस इंडिया’. या नावातील इंग्रजी शब्दाचा ‘चुकणे’ हा दुसरा अर्थ धरून, हे विमान हिंदुस्थानाला चुकणारच, अशी कोटी एका इंग्रज संपादकाने केली होती. कोटी खोटी ठरली. वारंवार विघ्ने येऊनही सिंग भारतात पोहोचले. मात्र महिन्याची मुदत उलटून गेल्याने पारितोषिक त्यांना मिळाले नाही. नियमाच्या दृष्टीने निर्णय बिनचूक होता. त्यांची कामगिरी मात्र त्यामुळे अकारण झाकोळली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, ३ मार्च १९४२ रोजी, ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे जपानी हल्ल्यात ते मृत्युमुखी पडले.

टाटा ३ मे १९३० रोजी कराचीहून निघाले. इंजिनिअर इंग्लंडहून उलट दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर तळावर दोघांची गाठ पडली. सतरा वर्षांचे इंजिनिअर स्पार्क प्लगसाठी तेथे अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. इंजिनिअर यांनी आपले जीवरक्षक जाकीट टाटांना दिले. टाटांना अद्याप समुद्र ओलांडावयाचा होता. इंजिनिअर ११ मे रोजी कराचीस पोहोचले आणि टाटा थोडक्या तासांनी मागे पडले. ही घटना खिलाडूपणाचा दाखला म्हणून सांगितली जाते, व ती तशी आहेही. परंतु चार इंजिनभागांच्या अभावी सारी मोहीम थांबावी, हा त्यातील तांत्रिक धडा दुर्लक्षिला जातो.

हाच प्रश्न १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुन्हा पुढे आला. त्या दिवशी टाटांनी पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईचे जुहू गाठले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बल्लारीमार्गे मद्रासला नेले. अहमदाबादेस पेट्रोल आले ते डब्यांतून, बैलगाडीवर. आकाशमार्गाचा वेग खालच्या रस्त्यावर बैलांच्या चालीने बांधलेला होता. जुहूचे मैदान तर समुद्रकाठचे. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, आणि त्या महिन्यांत विमानांचा मुक्काम पुण्यास येरवड्याला हलवावा लागे.