गांधीजींची दोन तासांची कंपाउंडरकी

शनिवारची सकाळ. आठवड्याचे कपडे मशीनमध्ये टाकलेले, आईशी फोन झालेला (जेवलास का, थंडी किती आहे आणि लग्नाचं काय, हे तीन प्रश्न याच क्रमाने), इंडियन ग्रोसरीतून मेथीची एक मलूल जुडी आणलेली. आता उरलेल्या दोन दिवसांचं काय करायचं? अमेरिकेत येऊन तिसरं वर्ष लागलं तेव्हा हा प्रश्न मला फार छळायला लागला.

म्हटलं, चला, थोडं समाजकार्य करू. पुण्यात असताना कधी केलं नव्हतं, हे आधीच कबूल करतो. पण इथे एक गोष्ट टोचत होती. या गावात मी राहतो, टॅक्स भरतो, पण उद्या व्हिसा संपून परत गेलो तर अपार्टमेंटच्या ऑफिसखेरीज कुणाला पत्ताही लागणार नाही.

शाळकरी मुलांना गणित शिकवायला माणसं हवी होती, तिथे अर्ज केला. फॉर्मवर रकाना: तुम्हाला पाच वर्षं ओळखणाऱ्या, इथल्या तीन व्यक्तींची नावं. मला येऊनच तीन वर्षं झालेली! दुसरीकडे वेबसाईट करून द्याल का, असं विचारलं. हे तर आपलं हातखंडा काम. पण वकिलाने सांगितलं, जरा जपून. एच-वन-बीवर निव्वळ बिनपगारी सेवा चालते, पण ज्या कामाला एरवी पगारी माणूस ठेवतात ते फुकट केलं तरी अडचण होऊ शकते. म्हणजे जे येतं ते करायचं नाही आणि जे करायचंय तिथे ओळख नाही. छान.

त्याच सुमारास, बाबांनी बॅगेत जबरदस्तीने कोंबलेलं गांधीजींचं 'सत्याचे प्रयोग' हातात आलं. शाळेत बक्षीस म्हणून मिळतं आणि कुणी वाचत नाही, तेच. वाचायला लागलो आणि चमकलोच. हा माणूस तर आपल्यातलाच निघाला! 1893 मध्ये तेविशीतला एक वकील, दादा अब्दुल्लांच्या पेढीच्या कामासाठी एका वर्षाच्या करारावर दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला जातो. पगार 105 पौंड, शिवाय पहिल्या वर्गाचं येण्याजाण्याचं भाडं. आपल्या भाषेत सांगायचं तर एक वर्षाचं ऑनसाईट. आणि ते लांबत लांबत 1914 पर्यंत गेलं!

तेव्हाच्या नाताळ वसाहतीत हिंदी माणूस कागदोपत्री ब्रिटिश प्रजाजन होता. प्रत्यक्षात मात्र उपराच. ऊसमळ्यांवर करारावर आणलेले मजूर, म्हणजे गिरमिटिये ('अ‍ॅग्रीमेंट'चं गिरमिट झालं). करार संपल्यावर त्यांनी पुन्हा करार करावा नाहीतर भारतात परत जावं. दोन्ही न करता तिथेच राहायचं, तर वर्षाला 3 पौंड कर, असा कायदा 1895 मध्ये झाला. 1897 मध्ये नवा इमिग्रेशन कायदा आला. नाताळमध्ये शिरायचं तर युरोपियन भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. त्याच वर्षी 13 जानेवारीला गांधीजी भारतातून परत येऊन बोटीतून उतरले, तर गोऱ्या जमावाने त्यांना रस्त्यात मारलं. पारशी रुस्तमजींच्या घरात आसरा मिळाला, तर घरालाही वेढा. शेवटी पोलीस शिपायाच्या वेषात तिथून निसटावं लागलं.

आता मजा बघा. ज्या गावाने असा सत्कार केला त्याच गावात हा गृहस्थ पुढे स्वयंसेवेची संधी शोधत फिरतो! वकिली उत्तम चाललेली, पण मनाला समाधान नाही. एकदा एक कुष्ठरोगी दारात आला. त्याला घरात ठेवून घेतलं, जखमा धुतल्या, पण कायमचं ठेवणं जमेना, म्हणून गिरमिटियांच्या सरकारी इस्पितळात पाठवलं. ती रुखरुख राहिली. काहीतरी नियमित, रोजचं काम हवं होतं.

सेंट एडन्स मिशनचे प्रमुख डॉ. बूथ गरिबांना फुकट औषध देत. रुस्तमजींच्या देणगीतून त्यांच्या देखरेखीखाली एक छोटा धर्मार्थ दवाखाना निघाला. तिथे औषधं द्यायला माणूस हवा होता. गांधीजींनी ऑफिसचं बरंचसं काम सहकाऱ्यावर सोपवलं आणि रोज सकाळी जाण्यायेण्यासकट दोन तास काढले. काम काय? रोग्याला काय होतंय ते विचारायचं, डॉक्टरांना सांगायचं, आणि ते लिहून देतील ते औषध द्यायचं. थोडक्यात कंपाउंडरकी. लंडनचा बॅरिस्टर दरबानमध्ये कंपाउंडर! येणारे रोगी बहुतेक तमिळ, तेलुगू आणि उत्तर हिंदुस्तानी गिरमिटिये. एरवी ज्यांच्याशी वकील म्हणूनच संबंध आला असता, ती माणसं इथे दुखणी घेऊन समोर यायला लागली.

मी हे वाचून थांबलो. मी कुठे जायचं ठरवत होतो, तर जिथे माझी डिग्री कामाला येईल तिथे. त्यांनी दुकानाची पाटी घरी ठेवली होती.

पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येते, पण ती तेवढी सरळ नाही. ऑक्टोबर 1899 मध्ये बोअर युद्ध सुरू झालं. गांधीजींची सहानुभूती बोअरांकडे होती, हे त्यांनी स्वतःच लिहिलंय. पण हिशोब असा: ब्रिटिश नागरिक म्हणून हक्क मागतो, तर साम्राज्याच्या संकटात कर्तव्यही केलं पाहिजे. गोऱ्यांचं हिंदी लोकांबद्दल मत काय होतं? भित्रे, आणि पैशापलीकडे काही न बघणारे. ते खोडून काढायचं होतं. जखमींना वाहून नेणारं पथक काढू म्हणून सरकारकडे अर्ज केला. उत्तर आलं: आभारी आहोत, सध्या गरज नाही. (हे ईमेल मलाही आलं होतं. शब्द सुद्धा फार वेगळे नव्हते.)

पण या खेपेला त्यांच्या मागे एक माणूस उभा होता, डॉ. बूथ. ज्याच्या हाताखाली रोज बाटल्या भरल्या तोच. बूथनी पथकाला प्रथमोपचार शिकवले आणि नाताळच्या बिशपांशी गाठ घालून दिली. दरम्यान बोअरांनी इंग्रजांना चांगलंच झोडपलं आणि डिसेंबरात कोलेन्सोच्या लढाईच्या वेळी पथकाची गरज पडलीच. सुमारे 1100 माणसं गेली, बूथही त्यांच्याबरोबर. काम फायरिंग लाइनच्या बाहेरचं ठरलं होतं. पण जानेवारी 1900 मध्ये स्पिऑन कोपच्या टेकडीवर इंग्रजांचा पराभव झाला तेव्हा जनरल बुलरकडून निरोप आला, की तुमच्यावर बंधन नाही, पण आत येऊन जखमींना उचललंत तर सरकार आभारी राहील. ते गेले. स्ट्रेचर खांद्यावर घेऊन दिवसाला 20 ते 25 मैल चाल. (लिव्हरपूलच्या चाहत्यांसाठी: अ‍ॅनफिल्डवरचं 'कोप' स्टँड याच टेकडीच्या नावाचं.) सहा आठवड्यांनी पथक विसर्जित झालं. बुलरच्या खलित्यात कौतुक आलं, पुढाऱ्यांना पदकं मिळाली, पेपरांत गोडवे गायले गेले.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण त्या 1100 मधले स्वतंत्र हिंदी सुमारे 300. बाकीचे आठशेच्या आसपास गिरमिटिये, मळ्यांवरून आलेले. ज्याच्या मानेवर करार आहे त्याच्या होकाराला होकार म्हणायचं का? स्ट्रेचर दोघांच्याही खांद्यावर होतं. पदकं मात्र पुढाऱ्यांच्याच छातीवर.

आणि ज्यासाठी हे केलं ते तरी मिळालं का? नाही. युद्ध संपलं, ट्रान्सवाल इंग्रजांकडे आलं आणि तिथे 1906 मध्ये हिंदी लोकांनी बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी असा वटहुकूम निघाला. त्याच वर्षी नाताळमध्ये झुलूंचं बंड झालं आणि गांधीजी पुन्हा एकदा, या वेळी 24 जणांचं पथक घेऊन गेले. तिथे जे दिसलं ते युद्ध नव्हतंच, माणसांची शिकार होती. फटके खाऊन पाठी सोललेले झुलू, जखमा चिघळलेल्या, आणि गोरे लोक शुश्रूषा करायला तयार नाहीत. त्या जखमा या पथकाने धुतल्या. पण पथक आलं होतं कुणाच्या बाजूने? अश्विन देसाई आणि गुलाम वाहेद या दक्षिण आफ्रिकन अभ्यासकांनी 2015 च्या पुस्तकात गांधीजींना 'साम्राज्याचा स्ट्रेचरवाहक' म्हटलंय. आफ्रिकन लोकांबद्दल त्या काळात गांधीजींनी जे लिहिलं त्यातले पूर्वग्रह आज वाचवत नाहीत, हेही खरंच. आपण ज्याला सेवा म्हणतो ती कुणाच्या सोयीची आहे, हा प्रश्न त्यांना सुटला नव्हता. आपल्यालाही सहज सुटणारा नाही.

1914 मध्ये लंडनला पुन्हा तेच. महायुद्ध जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनी ते तिथे पोचले आणि हिंदी विद्यार्थ्यांना गोळा केलं. आपण गुलाम, ते मालक, मदत कशाला, असं काहींनी तोंडावर विचारलं. तरी सुमारे 80 जणांनी डॉ. कँटलींकडे सहा आठवडे प्रथमोपचार शिकून घेतले. तिथे मात्र वरिष्ठ अधिकाऱ्याशीच खटका उडाला, पुढे गांधीजींना प्लुरसी झाली, आणि डिसेंबरात ते भारताकडे निघाले. ऑगस्ट 1920 मध्ये बोअर युद्धाचं आणि झुलू बंडाचं, अशी दोन्ही पदकं त्यांनी व्हाइसरॉयना परत करून टाकली.

पदकं परत करता येतात. दवाखान्यातले दोन तास परत करता येत नाहीत, आणि करायची गरजही पडली नाही. मला यात मुद्दा दिसतो तो हा. परक्या देशात 'मलाही तुमच्यातला समजा' म्हणून केलेली सेवा बहुधा फसते, कारण समजायचं की नाही ते दुसऱ्याच्या हातात असतं. समोरच्या माणसाच्या खोकल्यासाठी केलेली कंपाउंडरकी फसत नाही. आणि गंमत म्हणजे ओळख मिळालीच तर ती तिथूनच मिळते. फॉर्मवरच्या रकान्यात गांधीजींना लिहिता आलं असतं ते एकच नाव: डॉ. बूथ.

तर मी काय केलं? गणित आणि वेबसाईट दोन्ही सोडलं आणि गावातल्या फूड बँकेत गेलो. तिथल्या सत्तरीच्या आजींनी डिग्री विचारली नाही, किती वर्षं झाली तेही विचारलं नाही. 40 पौंडाचं पोतं उचलता येईल का, एवढंच विचारलं. दर शनिवारी तीन तास बटाटे निवडतो. नासके बाजूला, बरे पिशवीत. पाच-पाच पौंडांच्या पिशव्या. रांगेत उभ्या असलेल्या एक बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, हे मला तिथे कळलं. दोन वर्षं आम्ही एकाच लिफ्टने जात होतो.

मागच्या महिन्यात आजींना त्या गणिताच्या फॉर्मबद्दल सहज बोललो. त्यांनी पेन मागितलं आणि पहिल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. 'पाच वर्षं' या शब्दांवर काट मारून 'आठ महिने' लिहिलं आणि खाली सही केली. तो फॉर्म चालेल की नाही कोण जाणे. अजून दोन नावं बाकी आहेत.

असो. उद्या शनिवार. बटाट्यांचा ट्रक आठला येतो.