पतंग, फुगा आणि ड्रोन

आकाश कोणाचें, हा प्रश्न मनुष्य उडूं लागला तेव्हांच उद्भवला. १७८३ सालीं फ्रान्समध्यें मॉन्गॉल्फिए बंधूंचा फुगा उडाला. १७८४ च्या एप्रिलांतच पॅरिसच्या पोलिसांनीं पेटती शेगडी बांधलेले फुगे सोडण्यास बंदी केली. तो कोणाच्या छपरावर उतरेल, याचा भरंवसा नव्हता.

हिंदुस्थानांत १९३४ च्या विमान कायद्यानें ‘विमाना’च्या व्याख्येंत पतंगही घातला होता. संक्रांतीला गच्चीवर जाणारीं मुलें हें ऐकून हसतील. परंतु वर जाणारी वस्तु खालच्यांस जबाबदार असते, हेंच त्यांतील तत्त्व होय.

हौशी ड्रोनाच्या वांट्यासही प्रथम भीतिच आली. २०१४ च्या ऑक्टोबरांत आपल्या देशांत नागरी ड्रोनांस मनाई झाली. २०१८ त ती सैल झाली. २०२१ च्या ऑगस्टांतील नियमांनीं दोन किलोपर्यंतचें ड्रोन केवळ हौसेसाठीं उडविणारास वैमानिकाच्या परवान्यांतून मुक्त केलें. मात्र उड्डाणापूर्वीं ‘डिजिटल स्काय’वरील सूचना व नकाशा पाहणें बंधनकारक ठरलें. नकाशावरील हिरव्या भागांत सामान्यतः १२० मीटर उंचीपर्यंत परवानगीची गरज नाहीं. पिवळ्यांत विमानवाहतूक नियंत्रकाची, तांबड्यांत केंद्र सरकारची परवानगी लागते.

बंदींतून विश्वासाकडे येण्यास सात वर्षें लागलीं. उलट जाण्यास एक अपघात पुरेल. म्हणून नवशिक्यानें प्रथम नकाशा उघडावा, मग यंत्र. मिळालेलें आकाश राखणें आतां त्याच्याच हातीं आहे.